जुनी मोटारसायकल घेताना : आधी कागद, मग गाडी

भाताची कापणी-झोडणी आटोपली, दिवाळीचे चार पैसे हातात आले की आपल्या पाड्यांवर जुन्या मोटारसायकली येऊ लागतात. कुणी बोईसरहून आणतो, कुणी वाड्याहून, कुणी सिल्व्हासाहून. लहान मुले गाडीभोवती गोळा होतात, आई हळद-कुंकू लावते, नारळ फुटतो. बघणाऱ्याला ती हौस वाटते. पण ज्या मुलाला सकाळी सातच्या पाळीला तारापूरच्या कंपनीत पोहोचायचे असते, त्याच्यासाठी ती हौस नसते. पहिली एसटी फाट्यावर येईपर्यंत पाळी सुरू झालेली असते. कंपनीची बस हायवेपर्यंतच येते. दोनदा उशीर झाला की तिसऱ्या दिवशी ठेकेदार दुसऱ्याला उभा करतो.

आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेली बरीच मुले आज कंपन्यांत, दुकानांत, दवाखान्यांत कामाला आहेत. गाडी घेण्याआधी त्यांतली काही जण आमच्याकडे येतात. बरीचशी घेतल्यानंतर येतात आणि तेव्हा फार काही करता येत नाही. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

सुरुवातीला घडलेली एक गोष्ट सांगतो. नाव मुद्दाम देत नाही. आपल्याच वसतिगृहात दहावी झालेल्या एका मुलाने बावीस हजारांना शंभर सीसीची जुनी गाडी घेतली. त्यातले पंधरा हजार आईने बचत गटातून उचलून दिले. गाडी बघायला तो दोन मित्रांना घेऊन गेला. तासभर त्यांनी इंजिन ऐकले, चालवून पाहिले, टायर दाबले. गाडी खरोखरच चांगली होती. विकणारा म्हणाला, "गाडी घेऊन जा रे, कागदांचं नंतर बघू." एका स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या झाल्या आणि गाडी घरी आली.

सात महिन्यांनी हायवेवर नाकाबंदीत गाडी अडवली गेली. नोंद कल्याणच्या एका माणसाच्या नावावर होती आणि तो वारला होता. मधल्या दोघांनी गाडी घेतली व विकली, पण नावावर कुणीच करून घेतली नव्हती. विमा तीन वर्षांपूर्वी संपलेला. गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहिली. सोडवायची तर मालकाने यायला हवे आणि मालक तर या जगातच नाही. विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. पहिल्याच आठवड्यात मुलाचे काम गेले. गटाचा हप्ता मात्र आईने शेवटपर्यंत भरला.

त्या मुलाने इंजिनासाठी एक तास दिला, कागदांसाठी पाच मिनिटेही दिली नाहीत. आपल्याकडे बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. इंजिन बिघडले तर मिस्त्री दुरुस्त करतो. कागद बिघडलेले असले तर मिस्त्री काही करू शकत नाही.

आधी हिशेब : गाडी परवडते का?

गाडीची किंमत एकदाच द्यावी लागते, पण गाडी दर महिन्याला खाते. घरी बसून पाटीवर हा हिशेब मांडा.

समजा कामाची जागा वीस किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन चाळीस, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,०४० किलोमीटर. जुनी पण नीट ठेवलेली शंभर सीसीची गाडी लिटरला ५५ किलोमीटर देते असे धरा. साधारण १९ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर हे झाले जवळपास २,००० रुपये. दर तीन हजार किलोमीटरला ऑइल बदलायचे, म्हणजे तीन महिन्यांतून एकदा. टायर, चेन, ब्रेक लायनर, प्लग, बल्ब या झिजणाऱ्या वस्तूंसाठी महिन्याला चारशे रुपये बाजूला ठेवायला हवेत. विमा आणि पीयूसीचे महिन्याकाठी शंभर धरा. सगळे मिळून २,६०० च्या पुढेमागे जाते. गाडीसाठी कर्ज घेतले असेल तर हप्ता वेगळा. पंधरा हजार वर्षभरात फेडायचे म्हटले तर व्याजासह तेराशे-चौदाशे होतात. म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला चार हजार.

पगार बारा हजार असेल तर तिसरा हिस्सा गाडीत गेला. जीपचे भाडे एका बाजूला तीस रुपये असेल तर महिन्याचे १,५६० होतात. नुसत्या पैशांत पाहिले तर जीपच स्वस्त पडते. मग गाडी कधी परवडते? पाळीच्या वेळेला जीप नसेल, रात्री अकराला सुटून घरी यायचे असेल, ओव्हरटाइम मिळत असून वाहनाअभावी सोडावा लागत असेल, किंवा एकाच पाड्यावरचे दोघे एकाच पाळीला जात असतील तेव्हा. दोघांनी पेट्रोल वाटून घेतले की हिशेब बदलतो. यातले काहीच नसेल तर सहा महिने थांबून पैसे साठवलेले बरे. कर्ज काढून गाडी आणि गाडीसाठी उसनवारी, या फेऱ्यात अडकू नका.

कागद : कोणते आणि का

हाती गाडीचा नंबर येताच मोबाईलवर परिवहन खात्याच्या एम-परिवहन ॲपमध्ये तो टाकून बघा. नोंदणीची तारीख, विमा व पीयूसी कधीपर्यंत आहे, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे तिथे दिसते. मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही, पण काही अक्षरे दिसतात. विकणारा जे नाव सांगतो ते त्या अक्षरांशी जुळते का, एवढे तरी कळते. ज्याच्याकडे हा मोबाईल नसेल त्याने मुलाला किंवा शिक्षकांना विचारावे. पाच मिनिटांचे काम आहे.

त्यानंतर एकेक गोष्ट तपासा.

आरसी, म्हणजे नोंदणीचे स्मार्ट कार्ड, मूळ हवे. झेरॉक्स चालत नाही. आरसी हरवली असे सांगितले तर मालकाने आधी दुय्यम प्रत काढावी, मग बोलू म्हणावे.

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. चेसिस नंबर बहुतेक गाड्यांवर हँडलच्या खाली, फ्रेमच्या जाड नळीवर ठोकलेला असतो. इंजिन नंबर इंजिनाच्या खालच्या भागावर असतो. फडक्याने चिखल पुसून वाचा. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा त्यावर ताजा रंग मारलेला दिसला तर तिथून निघा. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे मानायला कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. 'मला ठाऊक नव्हते' हे पटवून देणे गरिबाला फार महाग पडते.

बोजा म्हणजे गाडीवरचे कर्ज. आरसीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल तर ते उतरल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होत नाही. कर्ज फिटल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ मालकाने आणायचा असतो. 'हप्ते संपलेत' हे तोंडी ऐकून पैसे देऊ नका.

गाडीचे वय पाहा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून पुन्हा पासिंग करावे लागते आणि ते पाच वर्षांसाठी मिळते. त्या वेळी फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो. २०१२ साली नोंदलेली गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होते. अशी गाडी दहा हजारांत मिळते म्हणून घेतली तर लगेच पासिंगचा खर्च डोक्यावर येतो. पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर आणताच येत नाही.

ई-चलन बघायला विसरू नका. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेला दंड दिसतो. तो विकणाऱ्याने भरायचा.

नंबर प्लेटही बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवणे सक्तीचे केले आहे. दुचाकीसाठी दर ४५० रुपये व त्यावर जीएसटी असा ठरला आहे. प्लेट बसवलेली नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

नावावर होणे म्हणजे काय

स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या, साक्षीदार झाले, पैसे दिल्याचे लिहिले, तरी कायद्याने मालक तोच, ज्याचे नाव आरटीओच्या दप्तरात आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. दोन्हींवर मालकाची सही हवी. गाडी दुसऱ्या आरटीओची किंवा दुसऱ्या राज्याची असेल तर त्या कार्यालयाचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, लागू शकतो.

मालक वारला असेल तर वारसाने आधी गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, फॉर्म ३१ भरून. मगच ती त्याला विकता येते. मधल्या माणसाने दिलेल्या कोऱ्या फॉर्मवरच्या सहीचा भरवसा धरू नका. ऑनलाइन अर्ज करताना मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो द्यायला मालक जागेवर नसेल तर काम अडते. म्हणून एजंटशी किंवा 'मित्राची गाडी आहे' म्हणणाऱ्याशी बोलणी झाली, तरी पैसे देण्याआधी खरा मालक डोळ्यांनी बघा. त्याचे आधार कार्ड आणि आरसीवरचे नाव जुळवून पाहा.

याची दुसरी बाजूही आहे. आपल्या वाचकांपैकी शिक्षक, ग्रामसेवक, नर्स आपली जुनी गाडी गावातल्या मुलाला विकतात आणि नाव बदलायचे राहून जाते. त्या गाडीने अपघात केला तर भरपाईची जबाबदारी दप्तरात नाव असलेल्या मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. तेव्हा विकणाऱ्यानेही घेणाऱ्यासोबत आरटीओच्या शिबिराला जावे. दोघांच्याही भल्याचे आहे.

सीमेपलीकडची स्वस्त गाडी

आपला भाग गुजरात आणि दादरा-नगर हवेलीला लागून. सिल्व्हासा, वापी, दमणकडच्या जीजे, डीएन, डीडी नंबरच्या गाड्या इथे दोन-चार हजारांनी स्वस्त मिळतात. त्या स्वस्त असण्याचे कारण समजून घ्या. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओचा दाखला, इथला कर, इथली फी आणि तिकडे-इकडे मारायच्या फेऱ्या. रोजंदारीच्या माणसाला प्रत्येक फेरीत एक दिवसाची मजुरी जाते. हा सगळा खर्च मिळवला की स्वस्ताई उरत नाही. शक्यतो आपल्याच जिल्ह्यात नोंदलेली, एमएच-४८ ची किंवा शेजारच्या ठाणे-नाशिकची गाडी बघा.

कोणती गाडी घ्यावी

कामाला जायची गाडी शंभर ते सव्वाशे सीसीची पुरते. स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, सीटी १००, टीव्हीएस स्पोर्ट, शाइन या गाड्या आपल्या रस्त्यांवर जागोजाग दिसतात. त्यांचे सुटे भाग विक्रमगड, जव्हार, मनोरच्या दुकानांत मिळतात आणि कोणताही मिस्त्री त्या डोळे झाकून खोलतो. दीडशे-एकशे साठ सीसीची गाडी जुनी झाली की किंमत खूप उतरते आणि मुलांना मोह होतो. पण तिचे टायर महाग, पेट्रोल जास्त, विमाही जास्त. २०२२ साली ठरलेल्या दराप्रमाणे तिसऱ्या पक्षाचा वार्षिक विमा ७५ ते १५० सीसीच्या गाडीला ७१४ रुपये आणि त्यावरच्या गाडीला १,३६६ रुपये पडतो. कर वेगळा.

१ एप्रिल २०२० पासून विकलेल्या गाड्या बीएस-६ आहेत. त्यांतल्या बहुतेकांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असते. त्या नीट चालतात, थंडीत पटकन सुरू होतात. पण बिघडल्या तर तपासायला यंत्र लागते आणि ते पाड्यावरच्या मिस्त्रीकडे नसते. बीएस-६ गाडी घ्यायची तर सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते आधी बघा. त्याआधीच्या कार्बोरेटरच्या गाड्या रस्त्यात बंद पडल्या तरी प्लग साफ करून, किक मारून बहुधा घरापर्यंत आणता येतात. पावसाळ्यात हे महत्त्वाचे असते.

कामाला जाणाऱ्या मुलींसाठी, किंवा बाजारात भाजी नेणाऱ्या घरासाठी बिनगिअरची गाडी सोयीची. टीव्हीएस एक्सएलसारख्या मोपेडवर पोते ठेवता येते आणि ती शिकायलाही सोपी.

थंड इंजिन, दिवसाउजेडी

गाडी बघायला सकाळी जा. संध्याकाळी किंवा दिव्याच्या उजेडात कधीही घेऊ नका. विकणाऱ्याला आधीच फोन करून सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर सुरू करण्यापूर्वी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर समजा की सकाळी सुरू होण्यात काहीतरी अडचण आहे आणि ती लपवली आहे.

ऑइलची कांडी काढून बघा. ऑइल काळे असणे ठीक, पण चहासारखे दुधाळ दिसले तर इंजिनात पाणी गेले आहे. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी अशी सापडते.

किक मारा. थंड इंजिन दोन-चार किकेत सुरू व्हायला हवे. सेल्फ असला तरी किक मारूनच बघा. सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे बघा. सकाळी पांढरट वाफ दोन मिनिटे येते, ती चालते. निळसर धूर येत राहिला आणि वास जळक्या ऑइलचा असला तर पिस्टन-रिंग किंवा वॉल्व्हचे काम निघणार. ते काही हजारांत जाते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते आहे. हे बऱ्याचदा कार्बोरेटर साफ करून सुटते.

मग इंजिन बंद करून बाकीचे बघा. टाकीखाली आणि सीटखाली फ्रेमवर नवे वेल्डिंग किंवा एकाच ठिकाणी ताजा रंग दिसतो का? दिसला तर गाडी जोरात आपटली आहे. मागे दहा पावले उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का बघा. मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मध्ये अडकल्यासारखे झाले तर कोनसेट गेला आहे. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर ऑइल ओघळलेले आहे का, बोटाने बघा. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढा. दात दिसण्याइतकी चेन सुटली किंवा दात विळ्यासारखे वाकलेले असले तर चेन-स्प्रॉकेटचा सेट बदलावा लागेल.

टायरची नक्षी तर बघाच, पण टायरचे वयही बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '१२१९' म्हणजे २०१९ सालचा बारावा आठवडा. नक्षी असली तरी बाजूला भेगा पडलेला टायर घाटात धोका देतो.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. तो फिरवता येतो, केबल काढून ठेवता येते. त्यापेक्षा ब्रेकच्या पायपट्टीकडे, फूटरेस्टच्या रबराकडे, हँडलच्या ग्रिपकडे बघा. मीटर वीस हजार दाखवतो आणि पायपट्टी घासून गुळगुळीत झाली आहे, तर मीटर खोटे बोलतो.

चालवून बघताना

लायसन असलेल्यानेच चालवावे. किमान पाच किलोमीटर, आणि त्यात एक चढ हवा. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट गेल्या आहेत. गिअर आपोआप न्यूट्रलला येतो का बघा. सपाट रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून बघा. गाडी एका बाजूला ओढते का? हेडलाइट, ब्रेकलाइट, हॉर्न, इंडिकेटर चालतात का? पहाटे आणि रात्री हायवेवर कंटेनरच्या मध्ये जाणाऱ्याचा जीव मागच्या लाल दिव्यावर अवलंबून असतो. पाच मिनिटे चालवून परत आल्यावर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा. गरम इंजिनही पहिल्या-दुसऱ्या किकेत सुरू व्हायला हवे.

स्वतःला समजत नसेल तर ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्या. त्याची दिवसाची मजुरी द्या. विकणाऱ्याचा मिस्त्री विकणाऱ्याचे बोलतो.

भाव आणि पैसे

हातात तीस हजार असतील तर गाडी चोवीस-पंचवीसच्या आतली बघा. उरलेले पाच-सहा हजार विमा, नाव बदलणे, ऑइल, ब्रेक लायनर, गरज पडली तर एक टायर आणि हेल्मेट यांसाठी आहेत. सगळे पैसे गाडीत घालणारा माणूस विमा पुढच्या महिन्यावर ढकलतो आणि तो पुढचा महिना येत नाही.

पूर्ण रक्कम एकदम देऊ नका. बयाणा द्या, पावती घ्या. उरलेले पैसे फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या होऊन अर्ज दाखल होईल त्या दिवशी द्या. शक्यतो मालकाच्या खात्यात पाठवा, म्हणजे पुरावा राहतो. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सही करा. त्या वेळेआधीचा दंड त्याचा, नंतरचा तुमचा. विकणारा यातल्या कशाला नाही म्हणाला तर गाडी कितीही चांगली असली तरी सोडा. महिन्याभरात दुसरी मिळते.

पहिल्या आठवड्यात करायचे

विमा चालू नसेल तर गाडी घरी आणण्याआधी काढा. तिसऱ्या पक्षाचा विमा शंभर सीसीच्या गाडीला करासह साडेआठशेच्या आत बसतो. विम्याशिवाय पकडले तर पहिल्या वेळी दोन हजार दंड, दुसऱ्या वेळी चार हजार. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. विमा नसताना तुमच्या गाडीने कुणाला इजा झाली तर भरपाई तुमच्यावर येते. आपल्याकडे अशा वेळी जमीन किंवा बैल विकावे लागतात.

मालक-चालकासाठी पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. गाडी चालवताना मालकाचा मृत्यू झाला तर ती रक्कम घरच्यांना मिळते. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात : गाडी त्याच्या नावावर असणे आणि त्याच्याकडे चालू लायसन असणे. गाडी दुसऱ्याच्या नावावर राहिली तर आई-वडिलांच्या, बायको-मुलांच्या हाती यातले काही येत नाही. कागद 'नंतर' करू म्हणणाऱ्याने एवढे तरी आठवावे.

पीयूसी काढा. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षभराची मिळते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची. जुना मालक काहीही सांगो, ऑइल बदला. ब्रेक लायनर उघडून बघा. चेनला तेल द्या, हवा भरा. हेल्मेट आयएसआय खुणेचे घ्या. रस्त्याच्या कडेला दीडशेला मिळणारी टोपी डोके वाचवत नाही.

लायसन नसेल तर गाडीआधी ते काढा. अठरा वर्षे पूर्ण हवीत. खाजगी दुचाकीच्या लायसनला शिक्षणाची अट नाही. शिकाऊ लायसनची परीक्षा मराठीत देता येते. ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्यासाठी जाता येते. लायसनशिवाय चालवल्यास पाच हजार दंड आहे. आणि घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या भावाच्या हाती किल्ली देऊ नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आमच्याकडे या

तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचे शिबिर भरते. त्याची तारीख आमच्या केंद्राच्या फलकावर लावायला सुरुवात केली आहे. फॉर्म २९ व ३० च्या कोऱ्या प्रती केंद्रात ठेवल्या आहेत. सिस्टर किंवा कार्यालयातले भाऊ त्या भरायला मदत करतील, पैसे लागत नाहीत. गाडी बघायला जाण्याच्या आदल्या दिवशी नुसता गाडीचा नंबर घेऊन या. मोबाईलवर बघून देऊ. लायसन काढायला येणाऱ्या मुला-मुलींनी आधार कार्ड, वयाचा पुरावा आणि फोटो आणावेत.

सुरुवातीला ज्या मुलाची गोष्ट सांगितली, त्याने वर्षभर फाट्यापर्यंत चालत जाऊन दुसरे काम टिकवले. गेल्या उन्हाळ्यात त्याने पुन्हा गाडी घेतली, शेजारच्या गावच्या एका शिक्षकाची. या वेळी गुरुजी त्याच्याबरोबर शिबिराला आले, दोघांनी सह्या केल्या आणि पुढे आरसी त्याच्या नावावर घरी आली. ती त्याने आईच्या हातात दिली. गटाच्या पासबुकाशेजारी, पत्र्याच्या त्याच पेटीत तिने ती ठेवली आहे.

देव आपल्या सर्व कामकरी मुला-मुलींना सुखरूप घरी आणो.